डिसेंबर एक, हवा अनेक



डिसेंबर उजाडला की बातम्यांत थंडीची लाट सुरू होते. पारा घसरला, शेकोट्या पेटल्या, गाड्या उशिरा धावू लागल्या, असे रोज ऐकू येते. इकडे दातिवऱ्याची माणसे दुपारी पंख्याखाली बसून म्हणतात, "कुठे आहे ती थंडी?" बातमी खोटी नसते आणि दातिवऱ्याची माणसेही खोटे बोलत नाहीत. आपला देशच एवढा मोठा आहे, की एकाच तारखेला एका टोकाला बर्फ पडतो, दुसऱ्या टोकाला पूर येतो आणि मधल्या गावात कोरडे ऊन असते. म्हणून हवेची चौकशी करताना "कशी आहे?" याच्या आधी "कुठली?" हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

ही चौकशी हौसेची नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पोट उघड्यावरच्या कामावर आहे. कोणी वीटभट्टीवर, कोणी मिठागरात, कोणी बांधकामावर, तर कोणी बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो. ६ डिसेंबरला तर लाखो माणसे लेकराबाळांसह दादरला उघड्या मैदानात रात्र काढतात. त्यांच्यासाठी हवा म्हणजे मजुरी आणि आरोग्य.

काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ सुरू होतो. तिथले लोक त्याला 'चिल्लई कलान' म्हणतात. या दिवसांत दाल सरोवराचे काठ गोठतात, नळांतले पाणीही गोठते.

तिथून खाली पंजाब, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार या सपाट मुलखात धुके पसरते. गव्हाला पाणी दिल्यामुळे जमीन ओली असते, रात्र मोठी असते, वारा पडलेला असतो. जमीन थंड झाली की तिच्यावरच्या दमट हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन धुके होते आणि चार हातांवरचा माणूस दिसेनासा होतो. तारापूर एमआयडीसीत आपल्या शेजारी काम करणारे कितीतरी कामगार याच मुलखातले आहेत. डिसेंबरात ते गावी गेले आणि दोन दिवस उशिरा परतले, तर त्यात त्यांची चूक नसते. गाडी धुक्यात अडकलेली असते.

उत्तरेत या दिवसांत मधूनच पाऊसही पडतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रवात तो घेऊन येतात. डोंगरावर त्याचा बर्फ होतो, मैदानात सरी पडतात. राजस्थानचा शेतकरी या पावसाला 'मावठ' म्हणतो आणि त्याची वाट पाहतो, कारण त्यावर त्याचा गहू-हरभरा पोसतो. तोच पाऊस नाशिककडे आला, तर द्राक्षाचे घड कुजतात. पाणी तेच, पण एकाचे घर भरते आणि दुसऱ्याचे बुडते.

दक्षिणेला तर डिसेंबर हा पावसाळ्याचाच महिना. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून जून ते सप्टेंबरात येतो. तामिळनाडूचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे आणतात. २०१५ च्या डिसेंबरच्या पहिल्याच दिवसांत चेन्नई पुरात बुडाली. २०२३ च्या डिसेंबरात 'मिचाँग' चक्रीवादळाने पुन्हा तिथे पाणी भरले. त्याच वेळी आपल्याकडे माणसे अंगणात निवांत ऊन खात होती.

एका जिल्ह्यातले तीन डिसेंबर

देश राहू द्या, आपल्या पालघर जिल्ह्यातही हवा एक नाही.

दातिवरे वैतरणेच्या मुखावर, समुद्राला लागून. पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. त्यामुळे समुद्राशेजारच्या गावाला तो रात्री फार गारठू देत नाही. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे समुद्राकडे जातात. शाळेच्या भूगोलात हे दोन शब्द आपण पाठ केले, कोळीवाड्यात ते रोज वापरात असतात. याच कोरड्या वाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकतो. किनाऱ्याने उत्तरेला डहाणूला हवामान खात्याचे केंद्र आहे. डिसेंबरात तिथले रात्रीचे तापमान साधारण सतरा-अठरा अंशांच्या आसपास राहते.

त्याच जिल्ह्यातले जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तिथे आणि मोखाड्याला पहाटे खरी थंडी वाजते. जव्हारहून किनाऱ्याकडे कामाला येणारे कुटुंब गोधडी घेऊन येते, ते उगाच नाही.

तिसरी हवा बोईसर-तारापूरची. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसे होते. कारखान्यांचा आणि वाहनांचा धूर वर न जाता खालीच कोंडतो. सकाळी दिसणारे ते सगळेच धुके नसते. दम्याच्या माणसाला डिसेंबरात जास्त त्रास का होतो, याचे एक मोठे कारण हे आहे.

आता या तिन्हींच्या शेजारी नागपूर ठेवून पाहा. नागपूर समुद्रापासून लांब, आभाळ निरभ्र, उत्तरेचे वारे थेट येणारे. २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तिथून ६ डिसेंबरसाठी निघालेला पाहुणा जाड रग आणि स्वेटर बांधून येतो आणि दादरला दुपारच्या उन्हात घामाघूम होतो. पाहुणे येण्याआधीच त्यांना फोनवर सांगावे, "थंडीचे ओझे कमी आणा. अंगावर घ्यायला एक चादर, डोक्याला रुमाल आणि पाण्याची बाटली पुरे."

तो २०१७ चा डिसेंबर

पण डिसेंबर कोरडाच असतो, असेही धरून चालू नये. २०१७ साली ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ 'ओखी' नावाचे चक्रीवादळ उठले. हे नाव बांगलादेशाने दिलेले. त्याचा अर्थ डोळा. केरळ आणि तामिळनाडूचे मच्छिमार त्याआधीच खोल समुद्रात गेले होते. किनाऱ्यावर इशारा निघाला, पण दूरवरच्या नौकांना तो कळवायला साधन नव्हते. शेकडो माणसे परत आली नाहीत. काही नौका वाऱ्याबरोबर उत्तरेला आल्या आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांतल्या सुमारे साडेनऊशे जणांचे जीव वाचले.

वादळ लक्षद्वीपवरून वळून आपल्या दिशेने निघाले. ४ डिसेंबरच्या संध्याकाळी मुंबईत पाऊस लागला. ५ तारखेला मुंबईबरोबर पालघर, ठाणे, रायगड आणि सिंधुदुर्गातल्या शाळांना सुटी द्यावी लागली. पुढे गुजरातच्या किनाऱ्याजवळ येता येता वादळाचा जोर ओसरला. पण तोवर विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे शिवाजी पार्कवर पोहोचली होती. मैदानात चिखल झाला. पांघरुणे भिजली, लहान मुले कुडकुडली. महापालिकेने आसपासच्या शाळा निवाऱ्यासाठी उघडल्या. माणसे मागे फिरली नाहीत, पण हाल झाले ते झालेच.

पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, नुकसान मात्र सारखे होत नाही. पक्क्या घरातल्या माणसाला डिसेंबरातली सर म्हणजे गंमत. वीटभट्टीवरच्या कुटुंबाची मात्र थापलेली कच्ची वीट विरघळते, आणि मजुरी हजारी दराने असते. विरघळलेल्या विटेचे पैसे कोण देणार? मिठागरातले पाणी पातळ होते. वलांडीवरचा बोंबील कुजतो. खळ्यावरची भाताची उडवी आतून तापते आणि दाणा काळा पडतो. एका रात्रीत महिन्याची कमाई जाते.

घरोघरी एवढे करावे

हवामान खाते आता जिल्हावार इशारे देते. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. बातमीत 'मुंबई' ऐकून थांबू नये, 'पालघर' काय आहे ते पाहावे. प्रवासाला जाताना आपल्या गावाची नव्हे, जिथे जायचे त्या गावाची हवा पाहावी. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर आभाळ कितीही निळे दिसो, होडी काढू नये.

६ डिसेंबरला जाताना प्रत्येक कुटुंबाने एक जाड प्लॅस्टिकचा कागद घडी करून पिशवीत ठेवावा. कोरडे असेल तर अंथरायला, ओले असेल तर पांघरायला उपयोगी पडतो. मुलांचा एक कपड्यांचा जोड वेगळ्या पिशवीत घट्ट बांधावा.

बोईसरकडच्या म्हाताऱ्या माणसांनी पहाटे न फिरता ऊन वर आल्यावर फिरावे. थंड मुलखात पाहुणे म्हणून गेलात, तर बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

आणि एक काम शिकलेल्या मुला-मुलींसाठी. इशारा तुमच्या फोनवर येतो, पण भट्टीवरच्या झोपडीत तो पोहोचतोच असे नाही. पिवळा किंवा नारिंगी रंग दिसला की संध्याकाळी तेवढे पाऊल उचला आणि तिथल्या बायाबापड्यांना सांगून या, म्हणजे रात्र पडण्याआधी कच्च्या विटांवर ताडपत्री पडेल.