यीस्टला पी.एल. मिळते, आपल्याला?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चक्कर मारा. सगळ्या खोल्यांत दिवे चालू. अभ्यास चाललाय असं वाटेल. छे! जर्नलं उतरवणं चालू असतं.

अशाच एका रात्री मला आमचं यीस्टचं प्रॅक्टिकल आठवलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी एकपेशीय बुरशी. एका फ्लास्कमध्ये तिला साखर आणि नायट्रोजन दोन्ही भरपूर दिले. दुसऱ्यात साखर तेवढीच, पण नायट्रोजन नाममात्र. साखर शिल्लक असतानाच दोन्हींतल्या पेशी घेऊन आयोडीन टाकलं. पहिल्या फिकट पिवळ्या, दुसऱ्या गडद तपकिरी. तो तपकिरी रंग म्हणजे साठवलेलं ग्लायकोजेन.

कारण सोपं आहे. प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो. दोन्ही भरपूर मिळालं की पेशी नुसत्या वाढत आणि विभागत सुटतात. नायट्रोजन संपला की वाढ थांबते, पण साखर आत येतच राहते. मग ती ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज या रूपांत शिल्लक टाकली जाते.

बेकरीचं यीस्ट बनवणारे कारखाने हेच वापरतात. टाकीत उसाची मळी आणि अमोनिया हळूहळू सोडतात, पण शेवटच्या टप्प्यात नायट्रोजन बंद करतात. उत्पादन थोडं कमी मिळालं तरी चालतं, कारण या काळात पेशींत ट्रेहॅलोज साठतं. पेशी वाळवताना तेच तिचं आवरण आणि प्रथिनं सांभाळतं. म्हणून पुडीतलं कोरडं यीस्ट कोमट पाण्यात पुन्हा जिवंत होतं. शेवटपर्यंत नायट्रोजन देत राहिलं तर पेशी ढीगभर मिळतात, पण वाळवताना बऱ्याचशा मरतात.

आमचं नेमकं हेच होतं. शेवटच्या दिवसापर्यंत असाइनमेंट, सबमिशन, व्हायवा. पानं वाढतात, डोक्यात साठत काही नाही. पेपर हातात पडला की आम्ही वाळलेलो!

सर म्हणतील, "तुम्ही वेळेवर करत नाही." निम्मं खरं आहे, कबूल. माणूस म्हणजे यीस्ट नाही, हेही कबूल. पण टाकीचा नळ यीस्टच्या हातात नसतो, आणि टाइमटेबल आमच्या हातात नसतं.

म्हणून सर्व सर-मॅडमना विनंती: जर्नल दर आठवड्याला तपासा, आम्हाला खुशाल रागवा. पण शेवटचे दोन आठवडे नवीन काही देऊ नका. आधी शिकवलंय तेवढं तरी साठू द्या.