ओटीपी दिलाच नव्हता

माझे चाचा भिवंडीत भाड्याच्या गाळ्यात चोवीस लूम चालवतात. हिशेब पक्का. सुताच्या व्यापाऱ्याकडे किती बाकी आहे, कोणत्या कारागिराने किती उचल घेतली, हे त्यांना वही न उघडता सांगता येतं. एका गुरुवारी फज्रच्या नमाजला उठले तेव्हा फोनवर बँकेचे चार मेसेज पडलेले होते. रात्री पावणेतीन ते तीनच्या दरम्यान त्यांच्या डेबिट कार्डावरून चार वेळा पैसे गेले होते, डॉलरमध्ये, कुठल्याशा परदेशी वेबसाइटला. एकूण 41,280 रुपये.

ते गप्प राहिले. गुरुवारी गप्प, शुक्रवारी गप्प. शनिवारी रात्री पाचवा मेसेज आला, आणखी 9,640 रुपये गेले. रविवारी रात्री मी जेवायला गेलो होतो तेव्हा चाचीच्या तोंडून निघालं. मी विचारलं, "चाचा, तुम्ही गुरुवारीच मला फोन का नाही केला?" त्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "बेटा, लोक काय म्हणतील? एवढा धंदा करणारा माणूस आणि फसला."

ते फसले नव्हते. त्यांनी कुणाला ओटीपी दिला नव्हता, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं, कुणाचा फोनही आला नव्हता. चोरी झाली होती. गाळ्यातून सुताची पेटी चोरीला गेली असती तर त्यांनी सकाळी सहाला सगळा मोहल्ला गोळा केला असता. खात्यातून पैसे गेले की मात्र आपण चोरापेक्षा स्वतःला जास्त दोष देतो. या लाजेची किंमत चाचांच्या बाबतीत मला नेमकी सांगता येते. 9,640 रुपये. गुरुवारी सकाळी कार्ड बंद केलं असतं तर पाचवा व्यवहार झालाच नसता.

दोषच शोधायचा तर थोडा माझा आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे फोन माझ्याकडे येतात. चाचा-चाची उमराला निघाले तेव्हा मक्केत रियाल काढता यावेत म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर मीच चालू केला होता. एटीएमपुरतं एक बटण पुरे होतं. घाईत होतो, ऑनलाइनचंही दाबलं. ते परत आले, खजूर वाटून झाले, ज़मज़मच्या बाटल्या संपल्या, बटण चालूच राहिलं.

आता तांत्रिक भाग, कारण बँकेत गेल्यावर याच मुद्द्यावर आपल्याला गप्प बसवलं जातं. भारतातल्या वेबसाइटवर कार्ड वापरताना ओटीपीसारखी दुसरी खात्री लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परदेशातल्या दुकानदाराला हा नियम लागू नाही. अनेक परदेशी साइटवर कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे कापले जातात. आणि हे आकडे बाहेर जायला तुमची चूक लागतेच असं नाही. 2016 मध्ये एटीएमची यंत्रणा सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या प्रणालीत व्हायरस शिरला, तेव्हा देशातल्या बँकांना सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची काळजी घ्यावी लागली होती. कुणाचं कार्ड बदललं, कुणाचा पिन. त्या 32 लाख लोकांनी कुणाला काय दिलं होतं?

सोमवारी सकाळी आम्ही शाखेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी मेसेज वाचले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत. तुम्हीच दिला असेल, आठवत नसेल." चाचा खाली बघायला लागले. त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा चोराचाही आला नव्हता. मी अर्जाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एकीवर शिक्का मारून परत द्या म्हटलं, तर उत्तर आलं की शिक्क्याचं काम मॅनेजरचं आणि मॅनेजर बाहेर गेलेत. आम्ही तासभर बसलो. मॅनेजर आले, शिक्का मिळाला. तो कागद अजून चाचीच्या कपाटात कुराणाच्या रेहलशेजारी ठेवलेला आहे.

एवढं बसायचं कारण रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक. आपल्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य, तक्रार केली असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुठून डेटा फुटला, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तरीही नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ग्राहकावर ठरावीक मर्यादेपर्यंतच बोजा पडतो. शून्य शिलकीच्या साध्या बचत खात्याला 5,000 रुपये, इतर बचत खात्यांना 10,000 रुपये. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं, म्हणजे आपण त्यांच्या मर्जीवर. सूचना मिळाली तो दिवस मोजायचा नाही आणि सुट्टीचे दिवसही नाहीत. चाचांच्या मधला शनिवार दुसरा शनिवार होता, त्यामुळे सोमवार हा त्यांचा दुसराच दिवस ठरला. नशीब.

शाखेतल्या साहेबांसमोर परिपत्रकातल्या आणखी दोन गोष्टी मी वाचून दाखवल्या. ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. "तुम्हीच दिला असेल" हा पुरावा होत नाही. दुसरी गोष्ट, तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, चौकशी पूर्ण व्हायची वाट न बघता. पूर्ण निकाल 90 दिवसांत. नागरी सहकारी बँकांनाही असेच नियम डिसेंबर 2017 मध्ये लागू झाले. पतपेढीचं मात्र तसं नाही. ती सहकार खात्याकडे येते, तिथे हे परिपत्रक दाखवून उपयोग नाही.

हे नुसतं कागदावर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे 76.90 लाख रुपये सहा टक्के व्याजासह परत द्यायला लावले. 1 ऑक्टोबर 2022 रोजी त्या कंपनीच्या खात्यात अनोळखी लाभार्थी जोडले गेले आणि पैसे निघून गेले. लाभार्थी जोडल्याचा ओटीपी किंवा मेसेज ग्राहकाला आलाच नव्हता. कंपनीने लगेच तक्रार केली होती. बँकिंग लोकपालाने ती फेटाळली, म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने आधार घेतला तो याच 2017 च्या परिपत्रकाचा. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्टेट बँकेच्या आसाममधल्या एका ग्राहकाचे 94 हजार रुपये परत देण्याचा आदेश कायम ठेवला. त्या ग्राहकाने 24 तासांच्या आत कळवलं होतं. दोन्ही ठिकाणी ग्राहकाला वाचवलं ते लवकर कळवण्याने.

ओटीपी खरंच दिला असेल तर? इथे खोटं सांगण्यात अर्थ नाही. परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून तेव्हा तर लाज गिळून अजून घाईने फोन करायला हवा. 1930 हा राष्ट्रीय क्रमांक त्यासाठीच आहे. तिथली तक्रार पैसे जिथे गेले त्या बँकेपर्यंत पोहोचते आणि रक्कम अजून खात्यातच असेल तर ती तिथेच अडवली जाऊ शकते. एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, मग एटीएममधून रोख, ही साखळी काही तासांत पूर्ण होते. रात्री दोनला समजलं तर रात्री दोनलाच. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

त्या साखळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्याबद्दल बोलायला हवं, कारण ती खाती कधी कधी आपल्याच गल्लीत असतात.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी एटीएम आणि बँकेच्या मुख्य प्रणालीच्या मध्ये स्वतःचा बनावट दुवा उभा केला. एटीएम विचारायचं, "खात्यात पैसे आहेत का, देऊ का?" आणि बँकेऐवजी तो दुवाच "दे" म्हणायचा. 11 ऑगस्टला 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातही अडीच कोटी. 13 ऑगस्टला आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण 94 कोटींच्या वर. ज्यांनी ही प्रणाली भेदली ते डोकेबाज लोक कुठे आहेत, कुणाला ठाऊक. पकडले कोण गेले? कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएमसमोर बनावट कार्डं घेऊन उभी राहिलेली पोरं आणि त्यांना कार्डं पुरवणारे. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवून तुरुंगात पाठवलं. त्यांत आपल्या ठाणे जिल्ह्यातले तरुणही होते. यादीत सगळ्या धर्मांची नावं होती. पण आपण ती यादी वाचताना कोणती नावं मोजत होतो, ते आपल्याला माहीत आहे.

नावावरून अख्ख्या मोहल्ल्याला बोल लावला जातो याचा मला राग येतो, आणि तो रास्त आहे. पण तो राग दाखवून आपण एक प्रश्न टाळतो. चहाच्या टपरीवर वीस-बावीस वर्षांच्या पोराला कुणीतरी सांगतं, "तुझं खातं दे, कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे. ऑनलाइन गेमिंगचे पैसे आहेत, तुला काही करायचं नाही." पोराला कॉलेजची फी भरायची असते, किंवा नुसता नवा फोन हवा असतो. तो देतो. मग एक दिवस नागपूर किंवा हैदराबादच्या पोलिसांची नोटीस येते, खातं गोठतं, आणि त्यात वडिलांचा पगार येत असेल तर तोही अडकतो. कुणा म्हातारीची पेन्शन त्याच्या खात्यातून गेलेली असते. दुसऱ्याच्या नावाने फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "मला माहीत नव्हतं" हे पोलिसांना पटवायला वकील लागतो, आणि तो पाच हजारांत मिळत नाही. मित्राने खातं मागितलं तर नाही म्हणा. मामेभावाने मागितलं तरी नाही म्हणा.

घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2020 पासून कार्डाचे आंतरराष्ट्रीय, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देण्याचे वापर वेगवेगळे चालू-बंद करायची सोय आणि मर्यादा ठरवायची सोय सक्तीची केली. अब्बांच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय बंद, एटीएमची मर्यादा दिवसाला दहा हजार, एवढं दहा मिनिटांत होतं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघा. भिवंडीत किती घरांत तो नंबर तीन सिमपूर्वीचा असतो! मेसेजच आला नाही तर तीन दिवस मोजणार कुठून? वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट कापणार, असा मेसेज आणि सोबत अ‍ॅपची फाइल आली तर ती उघडायची नाही. बिल टोरेंटचं असलं तरी फाइल टोरेंटची नाही.

आणि पिन. कामगारांच्या बिस्सीत मी कार्डाच्या पाकिटावर पेनाने लिहिलेले पिन बघितलेत. ज्याला गावी पैसे पाठवायचे असतात तो सुट्टी नसली की कार्ड शेजारच्याला देतो. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार यायला लागल्यापासून आपल्या खाला, फुफू पहिल्यांदाच एटीएमच्या रांगेत उभ्या आहेत. मागचा सभ्य दिसणारा माणूस "आपा, मी काढून देतो" म्हणतो, पिन बघतो आणि तसंच दिसणारं दुसरं कार्ड हातात ठेवतो. हे घरी बसून सांगून कळत नाही. एकदा सोबत जावं लागतं, दोनदा जावं लागतं, आणि त्यांचा पिन आपणही बघायचा नसतो.

चाचांच्या पैशांचं काय झालं? दहा कामकाजाचे दिवस संपले, काही जमा झालं नाही. मग परिपत्रकाची तारीख आणि शिक्क्याच्या कागदाचा फोटो जोडून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, हेही लिहिलं. त्याला फी नाही, वकील नाही, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर अर्ज होतो. चौदाव्या दिवशी पाचही व्यवहारांचे पैसे तात्पुरते जमा झाले आणि 71 व्या दिवशी तक्रार बंद झाल्याचं पत्र आलं. ते दोन ओळींचं, इंग्रजीत. चूक कुणाची, हे त्यात नव्हतं.

परवा चाचांचा फोन आला. शेजारच्या कारखान्याच्या मुकादमाच्या खात्यातून सकाळी सात हजार गेले होते. "मी त्याला 1930 लावून दिलाय," ते म्हणाले, "कार्ड बंद केलंय. आता बँकेत निघालोय दोघं. तो अर्ज तू दोन प्रतींत काढला होतास ना, तो कसा होता?"