दारूचं झाड म्हणू नका!



मागच्या चैत्रात पुण्याहून भाचा आला होता. भल्या पहाटे साकोलीच्या वाटेला लागलो. रस्त्याच्या कडेला मोह फुलला होता. काच खाली करताच तो उग्र गोड वास गाडीत शिरला. भाच्याने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मामा, हे दारूचं झाड ना?"

तेव्हा गप्प बसलो, पण ते मनाला लागलं. म्हणून आज लिहितो आहे.

याला संस्कृतात मधूक, गोंडीत इरुप, तेलुगूत इप्प म्हणतात. एवढी नावं असताना आपण शोधून काढलं ते दारूचं! नाशिकच्या द्राक्षांची वाईन होते, उसाच्या मळीपासूनही दारू होते. मग द्राक्षाला कुणी "दारूचं फळ" का म्हणत नाही? कारण द्राक्ष बागाइतदाराचं आणि मोह जंगलातल्या गरिबाचा. खरं कारण एवढंच आहे.

पानगळ झालेल्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. जीव मुठीत धरून वेचलेली ही फुलं वाळवून ठेवतात. भाजून तिळाबरोबर कुटली की लाडू होतात. दुष्काळात याच फुलांनी माणसं जगवली. पुढे फळं येतात, त्यांची भाजी होते. बियांचं तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला, पेंड शेताला. एवढं देणारं झाड, आणि ओळख काय, तर दारू!

दारूने घरं बुडाली, हे मी नाकारत नाही. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांचे बाप मी त्यापायी गेलेले पाहिले आहेत. पण दोष पिणाऱ्याचा आणि पाजणाऱ्याचा. वेचणारीला का शिक्षा? मोहफुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर राज्यात वर्षानुवर्षे बंधनं होती. ती सरकारने २०२१ साली उठवली. सरकारला जे उमगलं ते आपल्या जिभेला कधी उमगणार?

नाव बिघडलं की झाडाची किंमत जाते. मग कुऱ्हाड चालवताना कुणाचा हात थरथरत नाही.

असो. भाचेबुवा, हे तुम्ही वाचालच. पुढच्या चैत्रात या, लाडू करून ठेवतो. रुमाल मात्र घरी ठेवून या. आणि मंडळी, तुमच्या आजीकडे मोहाचं काय काय होत असे, ते जरूर कळवा.