तोंडी नकार मानू नका!

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

ज्वारी काढताना थ्रेशरमध्ये बोटे गेली, तर कापूस वेचायचा कशाने? धानोऱ्याचा अपंग माणूस मजुरी बुडवून, एसटीचे पूर्ण भाडे भरून गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात जातो. तिथे टक्का चाळीसच्या खाली लागला, की अपंग म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे दार बंद. २०२५ साली दिव्यांगांचे हे अनुदान १५०० वरून २५०० रुपये झाले. ज्याचा कागदच अडला, त्याला त्याचे काय?

बाबू म्हणतो, "तुमचं बसत नाही." आपण मान खाली घालून परततो. इथेच आपण हरतो! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ५८ सांगते, अपंगत्व नाही म्हणायचे तर लेखी कळवा. कलम ५९ सांगते, निर्णय मान्य नसेल तर अपील करा. अपील म्हणजे साहेबाची विनवणी नव्हे, आपला हक्क आहे.

नकार लेखी घ्या. अर्जाची पोच घ्या. उपचाराचे कागद जपा. अपील कोणाकडे करायचे, तेही लेखीच विचारा. अपंग भावाला एकटे धाडू नका, गावातले चार जण सोबत जा.

व्यापाऱ्याच्या काट्यावर आपण नजर ठेवतो ना? मग हा टक्काही पुन्हा तोलून मागा!