थोरल्या काकाला रकाना नाही

दर २३ डिसेंबरला दिल्लीच्या किसान घाटावर पुढारी फुलं वाहतात. चौधरी चरणसिंह यांची ही समाधी, आणि तो त्यांच्या जयंतीचा दिवस. कुळाच्या घरातला पोरगा पंतप्रधान कसा झाला, ही गोष्ट त्या दिवशी हमखास सांगितली जाते. लखपत सिंह हे नाव मात्र त्यात क्वचितच येतं.

लखपत सिंह हे चरणसिंहांचे थोरले चुलते. तिकडच्या भाषेत ताऊ. आज हापुड जिल्ह्यात असलेल्या नूरपूरला १९०२ साली चरणसिंह जन्मले. वडील मीर सिंह पाच भावांत धाकटे, जमीन जमीनदाराची. पुतण्याचं डोकं चालतंय हे ताऊंनी हेरलं आणि त्याच्या शिक्षणामागे ते उभे राहिले. आग्रा कॉलेजातून १९२३ला बीएस्सी, १९२५ला एमए, पाठोपाठ कायद्याची पदवी आणि मग गाझियाबादेत वकिली. एकट्या मीर सिंहांच्या कमाईत हे बसणं कठीण होतं. एक भाचा-पुतण्या शिकतो तेव्हा बाकीचे औत धरतात, हे मराठी शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको.

गंमत अशी, की १९५९च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सहकारी सामूहिक शेतीचा ठराव केला तेव्हा त्याला कडाडून विरोध केला तो याच चरणसिंहांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं: एका आईची लेकरंही पुढे वाटण्या करतात, तिथे परके लोक एकत्र कसे नांदतील? ताऊच्या आधाराने शिकलेल्या माणसाला भाऊबंदकीही तितकीच ठाऊक होती.

दिल्लीच्या दुसऱ्या बाजूला, हरियाणातल्या चरखी दादरी जिल्ह्यातल्या बलालीत, ताऊची अलीकडची गोष्ट सापडते. २००३ साली विनेश फोगाटच्या वडिलांचा गोळ्या घालून खून झाला. थोरले काका महावीर सिंह आपल्या मुलींना कुस्ती शिकवत होतेच. विनेश आणि प्रियंका या पुतण्यांनाही त्यांनी त्याच मातीत उतरवलं. गावाची बोलणी खाल्ली, पोरींकडून पहाटे मेहनत करून घेतली. पुढे २०१८च्या आशियाई स्पर्धेत विनेशने सुवर्ण जिंकलं. असं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. महावीर यांच्यावरचा ‘दंगल’ हा चित्रपट २०१६ साली आला, योगायोगाने २३ डिसेंबरलाच. पण त्या कथेत त्यांच्या मुली गीता-बबिता आहेत, विनेश नाही. पडद्याला बाप आणि लेक पुरतात.

काकाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. विनेशची आई प्रेमलता यांनी वैधव्य आणि कॅन्सर दोन्ही सोसून मुलं वाढवली. एकत्र कुटुंबाच्या गोडव्यात बाईचे कष्ट सर्वांत आधी गायब होतात. आणि सगळं काही गोड असतं असंही नाही. २०२४ साली विनेश काँग्रेसकडून विधानसभा निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा भाजपमधल्या महावीर यांनी आपली नाराजी जाहीर बोलून दाखवली. ती जुलानातून निवडून आली.

सरकारला मात्र हे नातंच दिसत नाही. पीएम-किसानच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. हरियाणात प्रत्येक कुटुंबाला परिवार ओळखपत्राचा आठ आकडी क्रमांक मिळतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत लागतं. एका चुलीवर जेवणाऱ्या भावांची कमाई एकत्र धरली तर कार्ड जाणार. मग कागदावर वेगळं होणं हाच शहाणपणा ठरतो. आपल्याकडे निदान जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी नोंद सापडते. तिच्यावरून पुढे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे झाले हे खरं, पण घर कोण चालवतं याची दखल तरी तलाठ्याने घेतली होती.

उत्पन्नाची मर्यादा माणशी मोजली, तर भावांना खोटं वेगळं व्हावं लागणार नाही. शाळेच्या अर्जावर ‘प्रत्यक्ष सांभाळ करणारे’ असा एक रकाना वाढवायला तर पैसाही लागत नाही. बाप गेलेल्या पुतणीचा खर्च जो उचलतो, त्याला शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करता यावी, एवढीच ही मागणी आहे.