खालचा नकाशा खरा हवा

माझ्या भाचीने बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात एक जुने घर विकत घेतले. १८९८ च्या प्लेगनंतर भरभराटीला आलेली ही वस्ती. घराचा पुढचा भाग जुन्या पद्धतीच्या मद्रास टेरेसचा, मागचा भाग पुढे कधीतरी वाढवलेला, काँक्रीटच्या छताचा. भाची संगणक क्षेत्रातली. वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी घराची नवी आखणी आपणच करून पाहावी म्हणून तिने स्वीट होम थ्रीडी ही मोफत मिळणारी आज्ञावली घेतली. विक्रेत्याने दिलेला मंजूर नकाशा स्कॅन केला, तो पार्श्वभूमीला ठेवला आणि त्यावर नव्या भिंती काढल्या. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधली भिंत पाडून एक मोठी खोली करायची, हा मुख्य बेत. नकाशात ती भिंत साडेचार इंची, म्हणजे केवळ आडोशाची होती.

ठेकेदाराचे काम सुरू झाले. गिलावा उडवताच म्हाताऱ्या मेस्त्रीने हात थांबवला. भिंत नऊ इंची होती आणि वरच्या छताच्या सागवानी तुळया तिच्यावरच टेकल्या होत्या. मेस्त्री नवखा असता, तर काय झाले असते हे सांगायला नको.

भाचीचा त्याच संध्याकाळी फोन आला. "मामा, नकाशावर शिक्का आहे, सही आहे. मग खरी भिंत त्यात का नाही?"

मी प्रशासनात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे उत्तर मला माहीत होते आणि ते देताना लाज वाटली. काय बांधायची परवानगी होती एवढेच मंजूर नकाशा सांगतो. प्रत्यक्षात काय बांधले गेले, पुढच्या पन्नास वर्षांत त्यात कोणी काय पाडले, काय वाढवले, याची नोंद आपल्या शहरांतील कोणत्याही कपाटात नसते.

घराच्या आखणीच्या आज्ञावल्यांमध्ये 'संदर्भ-थर' नावाची एक साधी सोय असते. आज घर जसे आहे तसे मोजून एका थरावर काढायचे, तो थर फिकट करून कुलूपबंद करायचा आणि नवा बेत त्यावरच्या वेगळ्या थरावर काढायचा. खालच्या थराला हात लागत नाही, पण तो सतत दिसत राहतो. कोणती भिंत राहणार, कोणती जाणार, नवे न्हाणीघर जुन्या सांडपाण्याच्या नळापासून किती दूर पडते, हे एका दृष्टिक्षेपात कळते. ऑटोकॅडमध्ये बाहेरचा नकाशा असा संदर्भ म्हणून जोडता येतो. रेव्हिटमध्ये 'विद्यमान', 'पाडायचे' आणि 'नवे' असे टप्पेच ठरवता येतात. आमच्या पिढीला यात नवल वाटू नये. ड्रॉइंग बोर्डावर जुना नकाशा ठेवून त्यावर ट्रेसिंग पेपर पसरायचा, ही तीच रीत आहे.

मात्र या सोयीचे सारे मोल एका अटीवर अवलंबून आहे. खालचा थर खरा हवा. भाचीने खाली ठेवला तो मंजूर नकाशा, घर नव्हे. खालचा थर खोटा असेल, तर वरची प्रत्येक रेघ कितीही नेटकी काढली तरी खोटीच ठरते.

प्रशासनाला हे ठाऊक नाही असे कोणी समजू नये. नकाशे रंगवण्याचे नियम पाहा. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत विद्यमान बांधकाम काळ्या रेषेने, पाडायचे पिवळ्या आडव्या-तिरप्या रेघांनी आणि प्रस्तावित लाल रंगाने दाखवायचे, असे सांगितले आहे. कागदाच्या काळातला हा संदर्भ-थरच. नियम आहे, पण काळी रेघ खरी आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात.

भाचीलाही हाच अनुभव आला. तिने नंतर फीत घेऊन सारे घर मोजले, प्रत्येक खोलीचे कर्ण घेतले, भिंतींची जाडी दारांच्या चौकटीपाशी पाहिली आणि खरा नकाशा तयार केला. त्यात मागची एक खोली मंजुरीपेक्षा तीन फूट पुढे आलेली निघाली. परवानगीची चौकशी करायला ती गेली, तेव्हा तेथील एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला की जुना मंजूर नकाशाच 'विद्यमान' म्हणून जोडा. खरे दाखवाल तर अडकाल. सल्ला सद्भावनेचा होता, आणि म्हणूनच भयंकर होता. जी व्यवस्था खरे सांगणाऱ्याला अडकवते आणि खोटे सांगणाऱ्याला मंजुरी देते, तिने नागरिकांच्या अप्रामाणिकपणाबद्दल बोलू नये.

"आता संगणक आला, सारे पारदर्शक झाले," असे कोणी म्हणेल. पुण्यात तयार झालेली ऑटोडीसीआर ही आज्ञावली पुणे महापालिकेसह अनेक पालिकांनी स्वीकारली. नकाशातील थर वाचून ती सामासिक अंतरे आणि चटईक्षेत्र मोजते. काम वेगाने होते, याचे स्वागतच आहे. पण ती नियमांशी ताडून पाहते ते कागदावरचे घर. जमिनीवरचे घर तिने पाहिलेले नसते. संगणक खोट्या नकाशाचीही अचूक बेरीज करतो. बेंगळुरू महापालिकेने २०२४ मध्ये 'नंबिके नक्षे' ही योजना आणली. नोंदणीकृत वास्तुविशारद वा अभियंत्याने स्वतः प्रमाणित केलेल्या नकाशावर निवासी बांधकामाला तात्पुरती मंजुरी, असे तिचे स्वरूप. नंबिके म्हणजे विश्वास. विश्वास जरूर ठेवावा, पण घर पाहून काढलेल्या नकाशावर.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बांधकामाच्या जागी मंजूर नकाशा लावावा, तपासणी करूनच भोगवटा प्रमाणपत्र द्यावे आणि त्यानंतरच वीज-पाणी जोडावे, असे बजावले. पुढे बेंगळुरूत हजारो घरमालक वीजजोडणीसाठी अडले, तेव्हा कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये १२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील लहान घरांना या प्रमाणपत्रातून सूट दिली. लोकांची अडचण खरी होती. पण त्या सवलतीने जोडणीबरोबर एक गोष्ट आणखी सुटली: काय बांधले गेले याची अखेरची पाहणी. उद्या त्या घरांच्या नूतनीकरणाला खालचा थर कुठून आणायचा?

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ महापालिकेच्या स्वतःच्या मालकीची इमारत कोसळली आणि ६१ माणसे गेली. तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धिसाई इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, आणि तेथेही तळमजल्यावरील नूतनीकरणात आधाराच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. एका मजल्यावरचा माणूस 'माझ्या जागेत' बदल करतो आणि वरच्या मजल्यांवर झोपलेली माणसे त्याची किंमत मोजतात. अशा इमारतीत कोणता खांब कशाला आधार देतो हे दाखवणारा, मोजून काढलेला नकाशा दर्शनी जागी असता, तर निदान शेजाऱ्यांना आक्षेप घेता आला असता.

संदर्भ-थर न पाहण्याचे पाप सरकारही करते. ऑगस्ट २०१६ मध्ये बेंगळुरूच्या अवनी शृंगेरी नगर भागात राजकालुवे, म्हणजे पावसाळी पाणी वाहून नेणारे मोठे नाले, मोकळे करण्यासाठी घरे पाडली गेली. आधार होता जुन्या गावनकाशांचा. रहिवासी मंजूर नकाशे आणि खात्याची कागदपत्रे हातात घेऊन उभे होते. नाल्याचा हक्क मला मान्य आहे. पाण्याला वाट हवीच. पण गावनकाशा पाडताना सापडतो, तो मंजुरी देताना खाली का ठेवला गेला नाही? तेव्हा ठेवला असता, तर ती घरे उभीच राहिली नसती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की खरी स्थिती मागितली, तर अनधिकृत बांधकामे उघडी पडतील, म्हणून कोणी अर्जच करणार नाही. हे बरोबर आहे, पण फक्त सत्याला दंड जोडलेला असेपर्यंत. कर्नाटकाची 'अक्रम-सक्रम' योजना सत्य आणि शुल्क एकाच दाराने मागत होती. २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०१४ मध्ये नियम आले, उच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. नियमित करणे हा एक निर्णय आहे. आहे ते नोंदणे हा वेगळा. दुसऱ्यासाठी पहिल्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे एवढे मनुष्यबळ कुठे आहे? मनुष्यबळाचे रडगाणे मी स्वतः अनेक टिपणींत लिहिले आहे. पण येथे मोजणी मालकाच्या अभियंत्याने करायची आहे. कचेरीने ती तारखेसह जपायची आणि काही प्रकरणांत अचानक तपासायची, एवढेच.

आपल्या महसूल खात्याला हे शिकवावे लागत नाही. सातबाऱ्यावर नवे नाव चढले, की तलाठी जुने नाव खोडून नाहीसे करीत नाही. त्याला कंस करतो आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितो. कोणत्या नोंदीवर कोणती नोंद बसली हे नातवालाही वाचता येते. गुंठाभर जिरायतीसाठी जी शिस्त आपण पाळतो, ती चार मजली इमारतीसाठी का नको?

म्हणून माझ्या मते पुढील गोष्टी व्हायला हव्यात.

१. खांब, तुळई, भार घेणारी भिंत वा छत यांना हात लागणार असेल, तर अर्जासोबत प्रत्यक्ष मोजलेला नकाशा वेगळ्या थरावर, मोजणाऱ्याच्या सही-तारखेसह सक्तीचा असावा. जुना मंजूर नकाशा आणखी एका थरावर असावा, म्हणजे फरक झाकला जाणार नाही.

२. या नकाशात स्वतःहून दाखवलेल्या फरकावर केवळ त्या आधारे कारवाई होऊ नये. अपवाद तीनच: इमारतीला धोका, दुसऱ्याची जमीन आणि नाला वा रस्ता.

३. मंजुरी देण्यापूर्वी कचेरीने आपले थर, म्हणजे गावनकाशा, नाले आणि विकास आराखडा, त्या नकाशाखाली ठेवून पाहावेत आणि तसे पाहिल्याची नोंद करावी.

४. कोणताही थर पुसला जाऊ नये. घर विकले गेले, की संपूर्ण फाईल नव्या मालकाला मिळावी.

बेंगळुरूत ही वेळ योग्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या महापालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. दप्तरे हलत आहेत, आणि हलणाऱ्या दप्तरातून कागद गहाळ होतात हे मी अनुभवाने सांगतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांची दोन घरे असतात, एक नोकरीच्या गावी आणि एक वडिलोपार्जित. नियम बदलण्याची वाट न पाहता दोन्ही मोजून काढा. लांबी-रुंदीबरोबर कर्ण घ्या, भिंतींची जाडी लिहा, नळ आणि सांडपाण्याच्या वाटा दाखवा, तारीख घाला. स्कॅन केलेला नकाशा वापरावाच लागला, तर एकाच लांबीवरून त्याचे प्रमाण ठरवू नका. जुना कागद ताणलेला असतो.

भाचीची ती भिंत अजून उभी आहे. तिने बेत बदलला आणि भिंतीत एक लहानसे दार काढले, तेही अभियंत्याला दाखवून. पण मागची तीन फूट पुढे आलेली खोली कोणत्या कागदावर दाखवायची, या प्रश्नाचे उत्तर मला अजून तिला देता आलेले नाही. ते मी द्यायचे नव्हतेच. ते ज्यांनी द्यायचे, त्यांनी आता द्यावे.