सात लेयर पाठ, पण दार कुठाय?

सेमिस्टरची तोंडी परीक्षा आली की एक प्रश्न ठरलेला असतो. 'ओएसआय मॉडेलमध्ये लेयर किती?' बीसीए, बीसीएस, कॉम्प्युटर, आयटी, कुठल्याही वर्गात विचारा. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट... गाडी न थांबता थेट अॅप्लिकेशनपर्यंत जाते. परीक्षक मान हलवतात, मार्क पडतात, विषय संपतो.

पुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. हे लेयर तुमच्या खिशातल्या फोनमध्ये नक्की राहतात कुठं? त्यातलं किती काम अॅप करतं आणि किती ऑपरेटिंग सिस्टीम? कारण हे उत्तर दोन विषयांच्या मधल्या फटीत पडलंय. ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर वेगळा, कॉम्प्युटर नेटवर्कचा पेपर वेगळा. एकात प्रोसेस आणि मेमरी, दुसऱ्यात प्रोटोकॉल. दोघांना जोडणारं दार दोन्ही पुस्तकांत कोपऱ्यात आहे. आमचं म्हणणं एवढंच, की शिकायला सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, पान उलटू नका. फॉर्म भरताना आणि पैसे पाठवताना तुम्हीही याच दारातून जाता.

आधी दार कुठाय ते बघू. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क कार्ड या सगळ्यांवर थेट हुकूम फक्त त्याचा चालतो. अॅपला परस्पर वायफायच्या चिपला हात लावता येत नाही. त्याला कर्नेलकडे अर्ज करावा लागतो आणि या अर्जालाच सिस्टीम कॉल म्हणतात. नेटवर्कसाठीचे अर्ज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत: सॉकेट, बाइंड, लिसन, अॅक्सेप्ट, कनेक्ट, सेंड, रिसीव्ह. ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने आपल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत आणली. त्याच वर्षी १ जानेवारीला आर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वज नेटवर्क टीसीपी/आयपीवर गेलं होतं. चाळीस वर्षं उलटून गेली. लिनक्स असो, विंडोज असो, अॅपल असो, लिनक्सवरच उभा असलेला अँड्रॉइड असो, दार आजही मुळात तेच आहे.

दाराच्या अलीकडे अॅप, पलीकडे कर्नेल. सात लेयरपैकी खालचं काम कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर करतात. मधले दोन, म्हणजे पत्ता सांभाळणारा आयपी आणि पोच सांभाळणारा टीसीपी, कर्नेलच्या पोटात राहतात. वरचं सगळं अॅपचं. तोंडी परीक्षेत हे एवढं चित्र कुणी कागदावर काढलं, तरी सात नावांपेक्षा जास्त कळलंय असं समजा.

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. अॅपने 'सेंड' म्हटलं की कर्नेल तो मजकूर स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो आणि अॅपला सांगतो, 'झालं.' काय झालं? फक्त कर्नेलने माल ताब्यात घेतला. पलीकडे पोचला असं नाही. पोस्टात रजिस्टर टाकल्यावर खिडकीवर मिळते ती पावती. सहीची पोच नव्हे. त्यानंतर कर्नेल त्या मजकुराचे तुकडे करतो, प्रत्येकावर क्रमांक घालतो, पाठवतो आणि पलीकडून पोच येईपर्यंत प्रत आपल्याकडे ठेवतो. पोच आली नाही की पुन्हा पाठवतो, दर खेपेला जास्त थांबून. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगवर चालू कनेक्शनसाठी ही धडपड साधारण पंधरा मिनिटं चालते, मगच तो हात टेकतो.

याचा तुमच्याशी संबंध काय? प्रवेशाच्या शेवटच्या रात्री फॉर्म 'सबमिट' केला आणि चाक फिरत राहिलं, म्हणजे फॉर्म गेला नाही असं नसतं आणि गेला असंही नसतं. गेला असेल आणि उत्तर परत येताना अडकलं असेल. पैसे पाठवताना स्क्रीन गोठली आणि पुन्हा बटण दाबलं की दोनदा पैसे जाण्याचा धोका इथूनच जन्मतो. टीसीपी फक्त तुकडे पोचवण्याची हमी घेतो. व्यवहार पूर्ण झाल्याची हमी त्याच्या वर, अॅपनेच द्यायची असते. म्हणून अर्ज क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक हातात पडेपर्यंत काम झालं समजू नका, आणि स्टेटस तपासल्याशिवाय बटण पुन्हा दाबू नका. उद्या तुम्हीच असं अॅप लिहिणार असाल तर ही हमी द्यायला विसरू नका. 'सेंड यशस्वी' म्हणजे 'काम यशस्वी' असं धरून लिहिलेला कोड लोकांच्या पैशाशी खेळतो.

दुसरी गोष्ट कोल्हापूरकरांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात सकाळी उठलं की आपण आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी भरलं की सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे घराघरात विचारलं जातं. कर्नेलमध्येही प्रत्येक सॉकेटमागे असंच एक धरण असतं, त्याला बफर म्हणतात. नेटवर्कवरून माल येऊन त्यात साठतो आणि अॅप आपल्या वेगाने तो उपसतं. अॅप संथ आणि आवक जोरात, तर बफर भरणारच. मग काय करायचं?

इथं दोन प्रोटोकॉल दोन तऱ्हांनी वागतात. टीसीपीमध्ये घेणारा कर्नेल प्रत्येक पोचेबरोबर पाठवणाऱ्याला कळवतो, 'माझ्याकडे अजून इतकी जागा आहे.' जागा संपली की आकडा शून्य होतो आणि पाठवणारा थांबतो. यूडीपीत असा निरोपच नाही. बफर भरला की नवीन आलेला तुकडा कर्नेल गुपचूप टाकून देतो. व्हिडीओ कॉलवर समोरच्याचा चेहरा क्षणभर चौकोनी होतो, त्यामागे बऱ्याचदा असे वाटेत किंवा दाराशी गळालेले तुकडे असतात. दर महापुराच्या वेळी आपल्याकडे कोयना, राधानगरी आणि अलमट्टीच्या विसर्गाचा मेळ बसवण्यावरून दोन राज्यांत बोलणी होतात. कुणी किती सोडायचं, हे खालच्याने वरच्याला वेळेत सांगायचं आणि वरच्याने ऐकायचं. टीसीपीने हा नियम प्रत्येक जोडणीला सक्तीचा केलाय.

हा शहाणपणा सुरुवातीपासून पुरा नव्हता. घेणाऱ्याच्या बफरची काळजी होती, पण मधल्या रस्त्याची नव्हती. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ, म्हणजे अवघं ४०० यार्डांचं, चालत पाच मिनिटांचं अंतर. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर कोसळला. रस्ता तुंबला की प्रत्येक मशीन तोच माल पुन्हा पाठवायचं, त्यामुळे रस्ता आणखी तुंबायचा. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: सुरुवात हळू करा, पोच येत गेली की वाढवा, तुकडा हरवला की रस्ता तुंबलाय असं समजून हात आखडा. हा उपाय बीएसडीच्या कर्नेलमधल्या टीसीपीत बसवला गेला. अॅप लिहिणाऱ्या कुणालाही आपला प्रोग्राम बदलावा लागला नाही. प्रोटोकॉल कर्नेलमध्ये असण्याचा हा मोठा फायदा आहे. रस्त्याचे नियम एकाच ठिकाणी बसतात आणि आगाऊ अॅपलाही ते पाळावे लागतात.

पण तोटेही आहेत. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरने लिनक्सच्या टीसीपीतली एक चूक उघड केली. बाहेरून ठरावीक प्रकारचे तुकडे पाठवले की समोरच्या मशीनचा अख्खा कर्नेलच बंद पडायचा. 'सॅक पॅनिक' असं तिचं नाव पडलं. अॅपमधली चूक अॅपला पाडते, कर्नेलमधली चूक पूर्ण मशीनला. म्हणून सिस्टीम अपडेट आला की 'नंतर' दाबायची सवय महागात पडू शकते.

तोटा दुसरा: कर्नेल बदलायला वेळ लागतो. फोन बनवणाऱ्याने अपडेट बंद केले की तुमच्या फोनमधला टीसीपी त्या तारखेला थिजला. आणि जुने, सेकंडहँड फोन कुणाकडे असतात? आपल्याकडेच. याच अडचणीतून गूगलने 'क्विक' नावाचा प्रोटोकॉल कर्नेलच्या बाहेर, ब्राउझरमध्ये आणि अॅपमध्येच बांधला. खाली यूडीपी वापरायचं आणि पोच, क्रम, वेग हे सगळं वरच सांभाळायचं. मे २०२१ मध्ये तो अधिकृत मानक झाला. ब्राउझर अपडेट केला की प्रोटोकॉलही अपडेट. उलट प्रवासही झालाय. 'वायरगार्ड' हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नेलच्या ५.६ आवृत्तीत आत घेतलं गेलं. म्हणजे काय आत आणि काय बाहेर, याचा निकाल अजून लागलेला नाही.

आणि हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये तो कधीच येऊन गेलाय. 'परम' मालिकेतले सुपरकॉम्प्युटर म्हणजे अनेक मशीन एकत्र बांधून केलेला एक मोठा संगणक. त्यात मशीनमशीनमध्ये सतत छोटे निरोप जातात. प्रत्येक निरोपासाठी कर्नेलचं दार वाजवायचं, मजकूर उतरवून द्यायचा, परत यायचं, यातच वेळ गेला तर सुपरकॉम्प्युटर कसला? म्हणून 'परम पद्म'साठी सी-डॅकने 'परमनेट-२' हे स्वतःचं नेटवर्क बनवलं आणि त्यावर प्रोग्रामला कर्नेलला दरवेळी मध्ये न घेता कार्डाशी बोलता येईल अशी पद्धत वापरली. जून २००३ च्या जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत परम पद्म १७१ वा होता. कोल्हापूरहून चार-पाच तासांवर हे काम झालं. आपल्या किती वर्गांत ते सांगितलं जातं?

आता हरकती. पहिली: 'नोकरीच्या इंटरव्ह्यूत हे कोण विचारतंय? फ्रेमवर्क सगळं करतं की.' करतं, नाही म्हणत नाही. पण फ्रेमवर्कही शेवटी तेच सॉकेट, कनेक्ट, सेंड करतं. सगळं सुरळीत असेल तोवर फ्रेमवर्क पुरतं. निकालाच्या दिवशी वेबसाइट बसते, तेव्हा लिसनची रांग भरलीय, बफर भरलाय की प्रोग्रामच झोपलाय, हे ज्याला बघता येतं त्याच्याकडे सगळे वळतात. त्या दिवशी पाठ केलेले सात लेयर कामाला येत नाहीत.

दुसरी हरकत: 'सिलॅबस आधीच भरलाय.' मान्य. आम्ही नवा पेपर मागत नाही. मागणी इतकीच, की ओएस आणि नेटवर्कच्या सरांनी-मॅडमनी मिळून एक प्रॅक्टिकल घ्यावं. एकच, दोन तासांचं. लॅबच्या मशीनवर अॅडमिनचे अधिकार देता येत नसतील तर व्हर्च्युअल मशीन द्या, बिघडलं तर पुसून नवं करता येतं. 'एसट्रेस' हे साधन लावून एक वेबपेज उघडायचं आणि प्रोग्राम कर्नेलला कुठले कुठले अर्ज करतो ते ओळीने वाचायचं. मग 'एसएस' ही कमांड चालवून प्रत्येक कनेक्शनच्या बफरमध्ये किती माल पडून आहे ते बघायचं. शेवटी मुद्दाम संथ वाचणारा प्रोग्राम लिहून बफर भरू द्यायचा, आणि टीसीपी कसा थांबतो, यूडीपी कसा सांडतो, ते डोळ्यांनी बघायचं. जर्नलमध्ये उतरवून काढता येणार नाही असं हे प्रॅक्टिकल आहे, कारण प्रत्येकाच्या स्क्रीनवरचे आकडे वेगळे येणार.

आणि सरांची वाट बघायचीही गरज नाही. लिनक्सचा सगळा कोड खुला आहे. 'नेट' नावाच्या फोल्डरमध्ये टीसीपी, यूडीपी, आयपी सगळं उघडं ठेवलंय. तो वाचायला पुण्याला खोली घ्यावी लागत नाही की क्लासची फी भरावी लागत नाही. पहिल्या दिवशी काही कळणार नाही, दहाव्या दिवशी एक फंक्शन कळेल. चौघं मिळून बसलात तर लवकर कळेल.

'जगात भारी' म्हणवून घ्यायला आपल्याला आवडतं. आवडू द्या. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी बांधलेल्या दारातून ये-जा करायची आणि बिजागरी कुठं आहे हेही बघायचं नाही, यात कसलं भारीपण? पुढच्या तोंडी परीक्षेत सात नावं झाली की तुम्हीच थांबू नका. 'सर, यातले दोन कर्नेलमध्ये असतात, दाखवू का?' म्हणून विचारा. बघू कोण नाही म्हणतंय.